परदेशचे गुणिजन : रशियाचा गायक-नट शाल्यापिन

गायक म्हटला म्हणजे आपलें लक्ष प्रथम त्याच्या गळ्याकडे जातें, आणि नट म्हटला म्हणजे त्याच्या मुद्रेकडे. गाणारा उत्तम गात असेल तर त्याचा अभिनय बेताचा असला तरी रसिक त्याला क्षमा करितात. नट कसलेला असेल तर त्याचा बसका गळा चालवून घेतात. हीं दोन्ही अंगें एकाच पुरुषाच्या ठिकाणीं सारख्या परिपूर्णतेनें नांदूं शकतात कीं नाहींत, हा वाद आपल्या संगीत रंगभूमीच्या प्रेक्षकांस नवा नाहीं. पश्चिमेकडील ऑपेरांतहि तो पुष्कळ काळ चाललेला आहे. त्या वादांत ‘होय, नांदूं शकतात’ म्हणणारांचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून ज्याचें नांव घेतलें जातें, तो फ्योदोर इव्हानोविच शाल्यापिन हा रशियन गायक ह्या महिन्याच्या परिचयाचा विषय आहे.

ऑपेरा म्हणजे संपूर्ण गेय नाटक. आपल्या संगीत नाटकांत गद्य संवाद व पदें आळीपाळीनें येतात; ऑपेरांत बहुधा राजाची आज्ञा, नोकराचें उत्तर व मरणाऱ्याचे शेवटचे शब्द हें सारें गाऊनच होतें. रंगमंचापुढें पन्नास-साठ वादकांचा ताफा वाजत असतो आणि त्यावरून गायकाचा आवाज, ध्वनिक्षेपकाच्या साहाय्यावांचून, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचावा लागतो. पुरुषांच्या आवाजांत उंच जातीच्या आवाजाला टेनर म्हणतात व खर्जाच्या आवाजाला बास. नायकाची व प्रियकराची भूमिका बहुतकरून टेनरकडे जाते. बासच्या वांट्याला म्हातारे बाप, राजे, धर्मगुरु आणि सैतान येतात. शाल्यापिन हा बास. नाटककारानें व संगीतकारानें ज्याला बाजूला उभें केलें, त्याला त्यानें मध्यभागीं आणून बसविलें, हें त्याच्या कर्तृत्वाचें थोडक्यांत वर्णन होय.

त्याचा जन्म १८७३ सालच्या फेब्रुवारींत व्होल्गा नदीच्या कांठीं काझान शहरीं झाला. बाप शेतकरी कुळांतून आलेला, जिल्ह्याच्या स्थानिक मंडळाच्या कचेरींत लेखनिक. कामांत माणूस चोख. पण पगाराचा दिवस उजाडला कीं पिऊन घरीं यावयाचा आणि बायकोमुलांस मारहाण करावयाचा. आई लोकांच्या घरचीं कष्टाचीं कामें करून संसार ओढीत असे. संध्याकाळीं शेजारपाजारच्या बायका सूत काततांना गाणीं म्हणत, तीं ह्या मुलाच्या कानांवर पडलीं. तेंच त्याचें पहिलें संगीत. बापानें त्याला प्रथम चांभाराच्या हाताखालीं ठेविलें, मग कातारीकाम शिकावयास धाडलें, आणि पुढें थोडें लिहितां-वाचतां येऊं लागल्यावर कचेऱ्यांतून नकला करावयास बसविलें. मुलाचें चित्त कशांतच रमेना. तो देवळांतल्या गायकवृंदांत गाऊं लागला होता, आणि एकदां नाटक पाहिल्यापासून त्याला दुसरें कांहीं सुचत नव्हतें. बापाला हें वेड मुळींच मान्य नव्हतें.

सतरा वर्षांचा झाल्यावर १८९० सालीं तो घर सोडून उफा गांवच्या एका फिरत्या नाटकमंडळींत शिरला. तेथें एक गायक आयत्या वेळीं अडला म्हणून ‘हाल्का’ नांवाच्या पोलिश ऑपेरांत त्याला पहिली भूमिका मिळाली. गाणें ठीक झालें. पण खुर्चीवर बसावयास गेला तों खुर्ची जागेवर नव्हती, आणि सरदाराच्या वेषांतला हा उंच पोर सर्वांसमक्ष जमिनीवर आदळला. ही हकीकत त्यानें स्वतःच पुढें मोठ्या गंमतीनें लिहून ठेविली आहे. मंडळी मोडली, दुसरी धरली, तीहि सुटली. तो खेडोपाडीं हिंडत असतांनाच १८९१ सालीं तिकडे त्याची आई वारली. ज्या आईनें त्याला गाणीं ऐकविलीं तिनें त्याचें गाणें रंगभूमीवर कधींच ऐकलें नाहीं.

हिंडत हिंडत १८९२ सालीं तो कॉकेशस पर्वताच्या पलीकडे तिफ्लिस शहरीं येऊन पडला. आज तें शहर त्बिलिसी ह्या नांवानें जॉर्जिया देशाची राजधानी आहे. जवळ पैसा नाहीं, थंडीचे कपडे नाहींत, पोटांत अन्न नाहीं. जीव द्यावा असा विचार त्या दिवसांत मनांत आला होता, हें त्यानें आत्मचरित्रांत लपविलेलें नाहीं. शेवटीं रेल्वेच्या हिशेब-खात्यांत कारकुनी मिळाली. कारकुनी करीत असतां कोणी सांगितलें कीं ह्या गांवांत दिमित्री उसातॉव्ह नांवाचे एक गृहस्थ गाणें शिकवितात. ते मॉस्कोच्या सरकारी रंगभूमीवर टेनर होते, आतां निवृत्त झाले आहेत. हा तरुण त्यांच्या दारीं गेला.

ह्या भेटीपाशीं वाचकांनीं क्षणभर थांबावें असें मला वाटतें. कारण चाळीस वर्षें खडू हातांत धरल्यावर अशा प्रसंगाचें मोल मला जरा अधिक कळतें. उसातॉव्हांनीं आवाज ऐकला आणि फी न घेतां शिकविण्याचें कबूल केलें. एवढेंच करून ते थांबले नाहींत. शिष्याच्या अंगावरचा सदरा मळका होता, तेव्हां त्यांनीं आपले कपडे दिले आणि अंग व वस्त्र स्वच्छ कां ठेवावें हें स्पष्ट शब्दांत सांगितलें. त्याला आपल्या घरीं जेवावयास बसविलें आणि चारचौघांत कसें जेवावें तें शिकविलें. गावांतल्या सधन लोकांकडून थोडी मदत मिळवून दिली. आणि ह्या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे, इटालियन पद्धतीचे गोड आलाप घोटविण्यावरच न भागवितां, मुसोर्गस्की ह्या रशियन संगीतकाराच्या रचनांची गोडी त्यांनीं त्याला लाविली. त्या काळीं मुसोर्गस्कीला रशियांतले पुष्कळ जाणते देखील ओबडधोबड समजत असत. त्याच्या संगीतांत सूर शब्दाच्या मागोमाग चालतो. बोलणारा माणूस रागावला, भ्याला, लाजला म्हणजे त्याच्या आवाजाला जी वळणें येतात तींच तेथें स्वररूप झालेलीं असतात. शाल्यापिनच्या पुढील साऱ्या कर्तृत्वाचें बीज येथें आहे.

हें शिक्षण जेमतेम एक वर्ष चाललें. १८९३ च्या शरद्ऋतूंत तिफ्लिसच्या ऑपेरांत त्याला नोकरी मिळाली आणि त्यानंतर रीतसर शिक्षण असें त्यानें कोणापाशीं घेतलें नाहीं. तरीहि आयुष्यभर त्यानें आपला एकच गुरु सांगितला, तो हाच.

१८९५ सालीं राजधानी सेंट पीटर्सबर्गच्या मरीन्स्की रंगभूमीवर तो रुजू झाला. पण तेथें त्याचें फारसें चीज झालें नाहीं. ‘रुसाल्का’ ह्या ऑपेरांत तो चक्कीवाल्या म्हाताऱ्याची भूमिका करी. आवाज उत्तम लागे, प्रेक्षक मात्र थंड राहात. निराश होऊन त्यानें दाल्स्की नांवाच्या गद्य नटाला कारण विचारलें. दाल्स्कीनें त्याला त्या भूमिकेंतले शब्द नुसते वाचून दाखवावयास सांगितले आणि ऐकून म्हणाला, कीं तुझा चक्कीवाला एखाद्या क्षुद्र दुकानदारासारखा किरकिरतो. तो तर भारदस्त, आपल्या जमिनीवर पाय रोवून उभा असलेला माणूस आहे. सूर बरोबर होता. शब्दाची ढब चुकली होती. ह्या एका सूचनेनें आपले डोळे उघडले, असें शाल्यापिन सांगतो. गाणें बिनचूक असूनहि भूमिका चुकूं शकते, हें बाविसाव्या वर्षीं उमगणें ही लहान गोष्ट नव्हे.

पुढल्याच वर्षीं दैव उघडलें. सव्वा मामॉन्तॉव्ह हा मॉस्कोचा एक धनाढ्य गृहस्थ. आगगाड्यांच्या धंद्यांत त्यानें अमाप पैसा मिळविला व तो कलांवर खर्च केला. त्यानें स्वतःची खाजगी ऑपेरा-मंडळी काढली होती आणि तींत पडदे रंगवावयास कोरोव्हिन, वास्नेत्सॉव्ह, व्रूबेल ह्यांच्यासारखे नामांकित चित्रकार होते. सरकारी रंगभूमीशीं झालेला करार मोडल्याचा दंड भरण्यास साहाय्य करून त्यानें १८९६ सालीं शाल्यापिनला आपल्याकडे आणलें. दुसऱ्याच वर्षीं रॅख्मानिनॉव्ह हा तरुण संगीतकार त्या मंडळींत वाद्यवृंदाचा नायक म्हणून आला. तो शाल्यापिनच्याच वयाचा. त्यानें ह्या अर्धशिक्षित मित्राला संगीतशास्त्र शिकविलें आणि दोघांची मैत्री मरेपर्यंत टिकली.

मामॉन्तॉव्हच्या मंडळींतील एक तालीम सांगण्यासारखी आहे. रिम्स्की-कोर्साकॉव्हच्या ‘प्स्कॉव्हची कन्या’ ह्या ऑपेरांत शाल्यापिन क्रूरकर्मा इव्हान झारची भूमिका बसवीत होता. झार एका घराच्या उंबरठ्यावर येऊन ‘आंत येऊं कीं नको?’ अशा अर्थाचे दोनच शब्द बोलतो. शाल्यापिननें ते कपटी भक्ताच्या सुरांत म्हटले. सारें दृश्य निर्जीव झालें. मामॉन्तॉव्ह म्हणाला, तुझ्या इव्हानमध्यें लुच्चा आहे, ढोंगी आहे, पण ‘भयंकर’ कोठें आहे? दुसऱ्या वेळीं तेच दोन शब्द त्यानें दरडावणीच्या जड आवाजांत फेकले आणि रंगमंचावरील सोबत्यांचे चेहरे बदलले. त्यानंतर तो चित्रसंग्रहांतून हिंडला. रेपिन, वास्नेत्सॉव्ह प्रभृतींनीं काढलेलीं इव्हानचीं चित्रें पाहिलीं, अंतोकोल्स्कीनें घडविलेली मूर्ति पाहिली आणि स्वतःच्या हातानें मुखावर रंग चढविला. रंगभूषा तो दुसऱ्यावर कधीं सोंपवीत नसे.

१८९८ सालीं मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोदुनॉव्ह’ ह्या ऑपेरांत तो बोरिस म्हणून उभा राहिला. बोरिस हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस रशियाच्या गादीवर आलेला झार. बाल राजपुत्राचा घात करवून त्यानें गादी मिळविली असा प्रवाद होता, आणि पुश्किनच्या नाटकांत व त्यावरून रचलेल्या ह्या ऑपेरांत तो प्रवाद खरा मानून त्या पापाचें ओझें वाहणारा राजा रंगविला आहे. ही भूमिका समजून घेण्यासाठीं शाल्यापिन क्ल्युचेव्स्की ह्या विख्यात इतिहासकाराकडे गेला. त्या वृद्ध पंडितानें त्याला रानांतून फिरावयास नेलें आणि चालतां चालतां स्वतःच धूर्त सरदार शुइस्की बनून त्याच्यापुढें संभाषणें करून दाखविलीं. सगळें स्वरलेखन रॅख्मानिनॉव्हच्या मदतीनें त्यानें पाठ केलें. केवळ स्वतःचा भाग नव्हे, तर सर्व पात्रांचा. शेवटच्या प्रवेशांत, वाताच्या भरांत त्या मेलेल्या मुलाचा भास होऊन घाबरलेला बोरिस आणि पुढें लहानग्या पुत्राला जवळ घेऊन राज्य संभाळण्याचा उपदेश करणारा मरणोन्मुख बाप, हीं दोन्ही रूपें त्यानें अशीं उभीं केलीं कीं त्यानंतरच्या प्रत्येक बोरिसला त्याच्याशीं तुलना सोसावी लागली.

आपल्या भरतमुनींनीं अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक. शाल्यापिनला ह्या शास्त्राची वार्ता असण्याचें कारण नव्हतें. पण त्याची साधना पाहिली म्हणजे ती ह्याच चार पायऱ्यांनीं चढल्यासारखी दिसते. दाल्स्कीच्या सूचनेनें वाचिक सुधारलें. चित्रकारांच्या सहवासानें आहार्य, म्हणजे वेष व रंग, त्याच्या हातीं आलें. सहा फुटांहून उंच देहाची प्रत्येक हालचाल त्यानें मोजून-मापून बसविली, तें आंगिक. चौथें जें सात्त्विक, तें शिकवितां येत नाहीं. मात्र त्याविषयीं त्यानें एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. रंगभूमीवर गातांना आपण दोन असतों, असें तो म्हणे. एक गात असतो आणि दुसरा त्याच्यावर नजर ठेवून असतो. ज्या क्षणीं पहारेकरी झोपतो व नट स्वतःच रडूं लागतो, त्या क्षणीं प्रेक्षकाचें रडें थांबतें. गाणें, कीर्तन, वक्तृत्व, फार काय वर्गांत शिकविणें, ह्या सर्वांना हा नियम लागू पडतो.

१८९९ सालीं तो मॉस्कोच्या बोल्शॉय रंगभूमीवर गेला. दोनच वर्षांनीं इटलींतील मिलान शहराच्या ला स्काला रंगभूमीचें बोलावणें आलें. इटलींत रशियन गायकानें गावयाचें म्हणजे काशींत जाऊन वेद म्हणून दाखविण्यासारखें होतें. भीतीनें त्यानें दहा खेळांस पंधरा हजार फ्रँक मागितले. इतके कोणी देणार नाहीं व आपण सुटूं, असा हिशेब. त्यांनीं ते कबूल केले! मग बोइतोच्या ‘मेफिस्तोफेले’मधील सैतानाची भूमिका त्यानें इटालियन भाषेंत घोटली. तेथें एक रूढि होती : भाडोत्री टाळ्या वाजविणारांची टोळी नव्या गायकाकडे येऊन पैसे मागत असे, न दिल्यास शीळ घालून खेळ पाडीत असे. शाल्यापिननें त्यांना बाहेरची वाट दाखविली. १९०१ च्या मार्चमध्यें पहिला खेळ झाला. संचालक तोस्कानिनी, नायक कारूसो. प्रस्तावनेचें गाणें संपतांच नाट्यगृह दुमदुमून गेलें आणि त्या टाळ्या विकत घेतलेल्या नव्हत्या.

पुढें १९०७ सालीं न्यूयॉर्कनें त्याच्या अभिनयाला रांगडा म्हणून नांवें ठेविलीं, तर १९०८ सालीं पॅरिसनें दियागिलेव्हनें नेलेल्या ‘बोरिस’ला डोक्यावर घेतलें. १९१० सालीं मासनेनें त्याच्यासाठीं लिहिलेला ‘डॉन किशोत’ माँटे कार्लोस झाला. १९१३ सालीं लंडननें त्याचा गौरव केला. मध्यंतरीं ध्वनिमुद्रिका निघूं लागल्या, आणि मुसोर्गस्कीचें पिसवेचें विनोदी गाणें किंवा व्होल्गेवरील नावाड्यांचें गीत त्याच्या आवाजांत जगभर जाऊन पोहोंचलें.

येथवर चरित्र सरळ चढणीचें आहे. आतां एका कठीण प्रसंगाकडे वळावयाचें आहे. कारण शाल्यापिनविषयीं मत बनवितांना तो टाळतां येत नाहीं.

रशियांत त्या काळीं झारशाहीविरुद्ध असंतोष धुमसत होता. शाल्यापिन हा गरीबीतून वर आलेला, कादंबरीकार गॉर्कीचा जिवलग मित्र. १९०५ च्या क्रांतीच्या वर्षीं त्यानें बोल्शॉय रंगभूमीवर कष्टकऱ्यांचें ‘दुबीनुश्का’ हें गाणें म्हटलें होतें, म्हणून सुधारक मंडळी त्याला आपला समजत. १९११ सालच्या जानेवारींत मरीन्स्की रंगभूमीवर ‘बोरिस’चा खेळ चालू होता व झार निकोलस स्वतः हजर होता. वृंदगायकांना पेन्शनविषयीं गाऱ्हाणें मांडावयाचें होतें. ते एकाएकीं राजाच्या कक्षाकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले व त्यांनीं राष्ट्रगीत सुरू केलें. मुख्य नटाला ह्याची कल्पना नव्हती. समोर झार, भोंवतीं गुडघे टेकलेला सारा समुदाय, आणि मध्यें एकटा उभा हा उंच पुरुष. तोहि गुडघ्यांवर बसला.

दुसऱ्या दिवसापासून जें वादळ उठलें तें वर्ष-दीडवर्ष शमलें नाहीं. निनांवी पत्रें आलीं, विद्यार्थ्यांनीं धिक्कार केला. प्लेखानॉव्हनें त्याचें छायाचित्र त्याला परत पाठविलें. चित्रकार सेरॉव्ह हा त्याचा जुना स्नेही. त्यानें संबंध तोडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस समेट न होतांच तो वारला. ही जखम शाल्यापिनच्या मनांतून कधीं गेली नाहीं. गॉर्कीहि खिन्न झाला होता, पण त्यानें पुढें मित्राची बाजू समजून घेतली. दोघांनीं १९१६ सालीं क्रिमियांत एकत्र बसून शाल्यापिनचें आत्मचरित्र तयार केलें.

त्यानें गुडघे टेकावयास नको होते, असें म्हणणें घरीं बसून सोपें आहे. पण ज्यानें आयुष्यभर रंगमंचावर सोबत्यांच्या हालचालीशीं आपली हालचाल जुळविली, त्याला विचार करावयास किती पळें मिळालीं असतील? मला तर ह्या प्रसंगांत त्याची चूक थोडी आणि काळाचा कडवेपणा अधिक दिसतो. ज्या दिवसांत दोन पक्ष एकमेकांच्या माणसांची रोज परीक्षा घेऊं लागतात, त्या दिवसांत कलावंताचें बसणें-उठणें देखील निष्ठेचा पुरावा ठरतें. पुढील सोळा वर्षांनीं हीच गोष्ट उलट्या दिशेनें घडली.

महायुद्ध आलें तेव्हां त्यानें जखमी शिपायांसाठीं दोन रुग्णालयें स्वखर्चानें चालविलीं. १९१७ सालीं राज्यक्रांति झाली. नव्या सरकारनें १९१८ सालीं त्याला ‘प्रजासत्ताकाचा लोककलावंत’ ही पदवी दिली आणि मरीन्स्की रंगभूमीच्या कलाविभागाचें नेतृत्व सोंपविलें. पण ते दिवस उपासमारीचे होते. गाण्याची बिदागी कित्येकदां पीठ व अंडीं ह्या रूपानें घ्यावी लागे, घराच्या झडत्या होत. १९२२ च्या जूनमध्यें परदेशच्या दौऱ्याची परवानगी घेऊन तो निघाला, तो पुन्हां रशियांत परतला नाहीं. पॅरिसमध्यें त्यानें घर केलें.

त्या शहरांत क्रांतीमुळें देशोधडीस लागलेलीं हजारों रशियन कुटुंबें होतीं. १९२७ सालीं स्पास्की नांवाच्या धर्मोपदेशकाच्या अंगणांत फाटक्या वस्त्रांतल्या बायका व मुलें पाहून त्यानें मुलांच्या मदतीसाठीं पांच हजार फ्रँक दिले. ही वार्ता मॉस्कोस पोहोंचली. ‘शत्रुपक्षाला पैसा पुरविला’ असा गिल्ला झाला आणि ऑगस्टमध्यें सरकारी फर्मानानें पदवी काढून घेण्यांत आली. झारपुढें गुडघे टेकले म्हणून एका पक्षानें वाळीत टाकलें होतें. आतां उपाशी पोरांना पैसे दिले म्हणून राज्यानें टाकलें. पुढें आत्मचरित्र परवानगीवांचून रशियांत छापल्याबद्दल त्यानें सोव्हिएट सरकारवर पॅरिसच्या न्यायालयांत दावा लाविला, आणि ह्या दाव्यावरून गॉर्कीशींहि तुटलें. एवढी जुनी मैत्री, पण ती पैशाच्या व पक्षाच्या कात्रींत सांपडली.

त्याच्या गृहस्थाश्रमाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. १८९८ सालीं इओला तोर्नागी ह्या इटालियन नर्तिकेशीं त्याचा विवाह झाला. ती मामॉन्तॉव्हच्या मंडळींत होती. एका तालमीच्या वेळीं पदांतले शब्द बदलून सर्वांसमक्ष त्यानें तिच्यावरचें प्रेम जाहीर केलें, ही कथा प्रसिद्ध आहे. तिनें नृत्य सोडलें, सहा मुलांची आई झाली. थोरला इगोर १९०३ सालीं चार वर्षांचा होऊन गेला. त्या दुःखानें बाप वेडापिसा झाला होता. पण पुढें त्यानें सेंट पीटर्सबर्गला मारिया पेट्झोल्ड ह्या बाईशीं दुसरा संसार मांडला, तिच्यापासून तीन मुली झाल्या, आणि परदेशीं जातांना तीच त्याच्या बरोबर होती. इओला मॉस्कोंत राहिली. स्वतःच्या प्रशस्त घराचे भाग पडले, तींत परकीं कुटुंबें येऊन राहिलीं. तरी पतीचीं चित्रें, पत्रें, वस्तु तिनें शक्य तितक्या जपल्या. १९६५ साली ती आपल्या मायदेशीं वारली. आज त्या घरांत शाल्यापिनचें वस्तुसंग्रहालय आहे. तें १९८८ सालीं उघडलें. त्याच्या कीर्तीपुढें लोक जेव्हां मान लववितात, तेव्हां त्या मानांतला एक वांटा ह्या परदेशांतून आलेल्या, परक्याच देशांत मागें राहिलेल्या बाईचा आहे, हें विसरूं नये.

अखेरचीं वर्षें प्रवासांत गेलीं. न्यूयॉर्कनें १९२१ पासून त्याच्या बोरिसचें भरभरून स्वागत करून जुनें ऋण फेडलें. तो ऑस्ट्रेलियास गेला, जपान व चीनला गेला. पाब्स्टनें दिग्दर्शिलेल्या ‘डॉन किशोत’ ह्या १९३३ च्या बोलपटांत तो शेवटच्या काळांतील आपल्या रूपानें आजहि पाहावयास मिळतो. रक्ताच्या कर्करोगानें तो खंगला. रॅख्मानिनॉव्ह शेवटपर्यंत त्याच्या उशाशीं येत होता. १२ एप्रिल १९३८ रोजीं पॅरिस येथें, पासष्टाव्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें.

कथा येथें संपावयाची, पण संपली नाहीं. १९८४ सालच्या ऑक्टोबरांत त्याच्या अस्थि पॅरिसहून नेऊन मॉस्कोच्या नोवोदेविची स्मशानभूमींत पुन्हां पुरण्यांत आल्या. १९९१ सालीं त्याची पदवी त्याला परत देण्यांत आली. तोंवर पदवी घेणारा त्रेपन्न वर्षें मृत होता, आणि ती देणारें राज्यहि त्याच वर्षीं लयाला गेलें.

ह्या चरित्रापासून काय घ्यावें? आपल्या मोठ्या घरांतून दहा-पांच मुलें एकत्र वाढतात. त्यांतलें एखादें अभ्यासांत रमत नाहीं, गुणगुणत बसतें, नकला करितें. आणि वडील माणसें त्याला कातारीकाम किंवा कारकुनी शिकवावयाचा बेत करितात. सगळींच अशीं मुलें शाल्यापिन होत नाहींत, हें खरें. पण होणारें मूल त्यांतलेंच एक असतें, आणि तें ओळखावयाला एखादा उसातॉव्ह लागतो. त्या सद्गृहस्थांनीं दुसरें काय केलें? एका उपाशी कारकुनाला जेवावयास बसविलें, स्वच्छ सदरा दिला, वर्षभर आपला वेळ दिला. झारानें दिलेला मान लोकांनीं हिसकावला, लोकराज्यानें दिलेला मान राज्यानेंच काढून घेतला. तिफ्लिसच्या त्या घरांत जें मिळालें तें मात्र कोणत्याहि फर्मानानें परत घेतां आलें नाहीं. आपल्या ओळखींत असें एखादें मूल असेल तर त्याला ह्या रविवारीं घरीं बोलवावें, पोटभर जेवूं घालावें आणि त्याचें गाणें शांतपणें शेवटपर्यंत ऐकावें.